जिना आला की आवाज बंद

फोन आला तेव्हा मी पुणतांब्याहून एसटीनं परतत होते. वन्संकडे खोली घेऊन राहणाऱ्या मुलींपैकी एक रडत बोलत होती. "मामी, आत्या खुर्चीतच... आमी कॉलेजातून आलो तर टीव्ही चालू, आवाज बंद. आमाला वाटलं नेहमीचंच. चहा केला, हाक मारली, तेव्हा..." वन्सं गेल्या त्या आपल्या खुर्चीत, आपल्या मालिकेसमोर. कुणाला हाक मारायचीही त्यांना गरज पडली नाही. याचं मला बरं वाटलं आणि रडूही आलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कुसुम. माहेर काष्टीचं, सासर श्रीरामपूरचं. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, म्हणून घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी कॉलेजच्या मुलींना भाड्यानं दिल्या. मुली त्यांना आत्या म्हणत आणि शेजारच्या गल्लीतून रोज टपकणाऱ्या मला मामी. आत्याची भावजय मामी कशी होईल, हे इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवूनही मी त्यांना पटवू शकले नाही. संध्याकाळी भाकरी थापून झाल्या की जेवणाआधी सगळ्यांनी मिळून एक भाग बघायचा, असा घरचा नेम होता. मुली मोबाईल टीव्हीला जोडायच्या आणि कॉलेजातल्या पोरापोरींच्या मालिका लावायच्या, आपल्याकडच्या आणि बाहेरच्या डब केलेल्याही. अशा मालिकेत कधी ना कधी एखाद्या पोरीला दिवस जायचेच. ती बेसिनपाशी ओकारी काढायची, आईला तिथंच सगळं कळायचं, ढोल बडवल्यासारखं संगीत सुरू व्हायचं आणि थोबाडीत बसायची. मग एक तर देवळात लग्न, नाही तर दवाखान्याच्या दारात कुणाचं तरी बाळ हसायचं आणि पोरगी डोळे पुसत माघारी फिरायची. तेही नसलं तर ती जिन्यावरून पडायची. वन्सं वैतागायच्या. "जिने बांधून ठेवलेत नुसते! पोरीवर ठरवायची पाळी आली की जिना हजर." बाहेरच्या मालिकांवरही त्यांचा राग होताच. "हिनं गर्भ पाडला न् दुसऱ्या भागात नाचाय लागली. पोट दुखलं का, कुणी पानी दिलं का, काय न्हाई."

त्यावर त्यांनी एक रीत काढली होती. ढोल वाजायला लागले की त्या रिमोटनं आवाज बंद करायच्या, आणि पडद्यावरच्या माणसांचं बोलणं मुलींनी आपल्या मनानं बोलायचं. हसून हसून पुरेवाट व्हायची. सासू झालेली मुलगी तर अशी खणखणीत बोलायची, की रस्त्यानं जाणारा थांबावा.

एका संध्याकाळी पडद्यावर अशीच एक पोरगी आईसमोर उभी होती. आवाज बंद झाला. पोरीचं बोलणं बोलायची पाळी होती रूपालीची. हे नाव खरं नाही. तिला विचारूनच मी हे लिहितेय, आणि नाव बदलायला तिनंच सांगितलं. एकोणीस वर्षांची, सगळ्यांत मोठ्यानं हसणारी मुलगी. ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "आई, माझी पाळी चुकलीया. दोनदा तपासलं मी. मला कुनाला सांगावं कळंना..." बाकीच्या हसल्या, काय मस्त जमलंय म्हणाल्या. मी वन्संकडे बघितलं. त्यांनी रिमोट खाली ठेवला नाही की मान वळवली नाही. आईच्या वाट्याचं बोलणं त्यांनी आपल्याकडे घेतलं आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. हात धू, आदी जेवून घे. उद्या दोघी डॉक्टरकडं जाऊ." मुलींना वाटलं, आत्याही आज रंगात आहेत. रूपाली त्या दिवशी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं वाजलं. तिच्या आईला कळवायलाच हवं, असं माझं म्हणणं होतं. वन्सं म्हणाल्या, "सांगायचं का, कवा सांगायचं, ती ठरवंल. तू काय मालिकेतली बाई हायेस, दारामागनं ऐकून गावभर करायला?" मला राग आला, पण त्या दोघींबरोबर दवाखान्यात गेले. तिथल्या बाकावर रूपालीनं विचारलं, "आत्या, तुमी काय केलं असतं?" वन्संचं प्रत्येक गोष्टीवर मत असायचं. या वेळी म्हणाल्या, "मला इचारू नगं, बाई. मी सांगितलं तर तो जिनाच झाला की गं. तू ठरव. काय बी ठरव, मी हाय." डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना बाहेर बसवलं आणि तिला एकटीलाच विचारलं. तिला मूल नको होतं. तसं तिनं सांगितलं आणि तसं झालं.

ढोल कुठंच वाजले नाहीत. तिच्या पोटात दुखलं, वन्संनी शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली, मऊ भात केला, आपल्या पलंगावर निजवलं. एकदा ती खूप रडली, आणि रडून झाल्यावर प्रॅक्टिकल बुडेल का म्हणून काळजी करत बसली. मुलगा कोण, हे वन्संनी विचारलं नाही. मी विचारलं, आणि मला उत्तर मिळालं नाही. पुढं दिवाळीच्या सुट्टीत तिनं आपणहून आईला सांगितलं. आई एवढंच म्हणाली म्हणे, "तवा तुझ्याजवळ कोन हुतं?" तिनं वन्संचं नाव सांगितलं.

परवा मुलींनी मला बोलावून नेलं. आत्या गेल्यापासून टीव्ही कुणी लावलाच नव्हता. रूपाली आता नगरला नोकरी करते, तीही आली होती. रिमोट खुर्चीच्या हातावर होता तसाच, आणि खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. नवीच मालिका होती, पण पोरगी तशीच दारात उभी, आईचा हात उगारलेला, ढोल सुरू. कुणी हलेना. शेवटी मीच उठून आवाज बंद केला. सगळ्या खुर्चीकडे बघत राहिल्या... पडद्यावर आईचे ओठ हलत होते, आणि तिचं बोलणं बोलायला कुणी नव्हतं. मला वन्संची इतकी आठवण त्यांच्या दहाव्यालाही आली नव्हती.

तेवढ्यात रूपाली पडद्याकडे बघत, रोजच्याच आवाजात म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. हात धू, आदी जेवून घे."

यंदाच आलेल्या मुलीला काहीच ठाऊक नव्हतं. ती हसली आणि ताटं मांडायला उठली. मग आम्ही सगळ्याच हात धुवायला उठलो.