संघमित्राचा डावा हात

वाकोल्याच्या सिग्नलपाशी स्कूटर घसरली तेव्हा संघमित्रा तायडेला वाटलं, खरचटलं असेल, होईल बरं. पण कोपरातली नस दुखावली होती. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, तरी उजव्या हाताची बोटं काही हलेनात.

"नस फार सावकाश भरते," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण भरेलच असं मी नाही सांगू शकत."

संघमित्रा अंधेरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर. दिंडोशीच्या घरी तिला भेटायला टीमचा प्रमुख राजेश आला, शहाळी घेऊन. माणूस वाईट नव्हता. "टेन्शन घेऊ नकोस," तो म्हणाला. "परत आलीस की कोडिंग सोड, मीटिंगा सांभाळ. बोलायला कुठे हात लागतो?"

तो हसला. पाहुणा हसला म्हणून तिचे वडील राजारामही हसले. संघमित्राने हातातलं शहाळं खाली ठेवलं.

तो गेल्यावर तिने स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि एका हाताने साधी कमांड लिहायला घेतली. बोट इथून तिथे धावत होतं, चुकत होतं, पुसत होतं. डोळ्यांत पाणी आलं, पण त्यातही तिच्यातली प्रोग्रामर जागी होती. हात बदलत नाही ना, मग मशीन बदलू.

टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची ती काळी खिडकी, उघडताना एक लपलेली फाइल वाचते. आपल्या आवडीनिवडी त्यात लिहायच्या. प्रोग्राम ज्यात लिहायचा त्या एडिटरचीही तशीच एक फाइल असते. संघमित्राच्या दोन्ही फाइली कॉलेजात कुणाकडून तरी उचललेल्या होत्या, आत काय आहे ते तिने कधी वाचलंच नव्हतं. आता तिने त्या कोऱ्या केल्या आणि एकेक ओळ स्वतः लिहू लागली. रोजच्या लांबलचक कमांडी दोन-दोन अक्षरांच्या झाल्या, तीही कीबोर्डच्या डाव्या बाजूची अक्षरं. एडिटरमध्ये कंस आपोआप मिटू लागले. मग आणखी एक फाइल लिहून तिने कीबोर्डच वळवला: स्पेसबार दाबून धरला की डावीकडच्या बटणांतून उजवीकडची अक्षरं उमटायची.

एका सकाळी मात्र टर्मिनल उघडलं आणि लगेच मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिने ऑफिसातल्या मैत्रिणीला, दीप्तीला, फोन लावला.

"काहीतरी चुकीचं लिहिलंस तू फाइलीत," दीप्ती म्हणाली. "आधीची प्रत आहे ना?"

"तिच्यावरच लिहिलं गं."

"झालं! वाट लागली."

फाइल न वाचता टर्मिनल कसं उघडायचं ते दीप्तीने सांगितलं आणि चुकीची ओळ सापडली. त्याच दिवशी संघमित्राने सगळ्या फाइली एका फोल्डरात आणून गिटमध्ये टाकल्या आणि इंटरनेटवर ठेवल्या, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास राहील आणि बिघडलं तर कालच्यावर परतता येईल. पासवर्ड मात्र त्यात चुकूनही ठेवायचे नाहीत, हे दीप्तीने बजावलं. शेवटी तिने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. कुठल्याही कोऱ्या मशीनवर ती चालवली की सगळ्या फाइली इंटरनेटवरून उतरून आपापल्या जागी बसणार.

ती ऑफिसात परतली तेव्हा तिचा ऑफिसचा जुना लॅपटॉप दुसऱ्याला देऊन झाला होता. टेबलावर नवाकोरा ठेवलेला.

"मीटिंग आहे, चल," राजेश म्हणाला. "हा सेटअप व्हायला आठवडा जाईल."

"चहा पिऊन ये तू," ती म्हणाली.

कोऱ्या कीबोर्डवर एका हाताने तिने ती स्क्रिप्ट चालवणारी एकच कमांड लिहिली. अक्षर न् अक्षर शोधत, शांतपणे. एंटर दाबलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या आणि थांबल्या तेव्हा समोर तिचंच घर उभं होतं. तिचे रंग, तिच्या कमांडी, तिच्या हाताचा कीबोर्ड.

राजेश कप घेऊन परतला तोवर तिने बिल चुकीचं दाखवणारा एक जुना बग उघडला होता. तो मागे उभा राहून बघत राहिला. डावा हात कीबोर्डवर नुसता फिरत होता, फाइली उघडत होत्या, मिटत होत्या. जेवणाच्या सुट्टीआधी बग दुरुस्त झाला, तपासणीच्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास झाल्या.

"अगं, मला दोन हात असून हे जमत नाही," राजेश म्हणाला. मग जरा ओशाळून, "मीटिंगांचं मी बोललो होतो ना, ते विसर. पेमेंटचं मॉड्यूल नव्याने लिहायचंय. घेशील?"

"घेणार," ती म्हणाली. "आणि मीटिंगांना तूच बस."

दीप्तीने पलीकडून जोरात टाळ्या वाजवल्या. काय झालं हे न कळताही चार जणांनी तिला साथ दिली.

संघमित्राने तिथूनच घरी फोन लावला. आईने, शकूने, उचलला.

"आई, पप्पांना फोन दे, मीटिंगा सुटल्या माझ्या," ती म्हणाली, आणि ते फोनवर यायच्या आतच मोठ्याने हसू लागली.