गणपतभाऊजी वाघ पाहाले गेले नव्हते

ज्यानं गणपतभाऊजीच्या फोटोखाली 'निसर्गप्रेमी' लिहिलं, त्यानं तो फोटो आत्ताच्या आत्ता काढावा.

परवा माझे धाकटे दीर गेले. तवापासून घरच्या ग्रूपवर तोच एक फोटो फिरून राह्यला. भाऊजी जिप्सीत बसले, मागं जंगल, कोपऱ्यात वाघाचं चित्र चिकटवलेलं.

ज्या माणसाच्या दोन गाई वाघानं खाल्ल्या, तो निसर्गप्रेमी?

बनवला कोणी, तर माझ्याच थोरल्या पोरानं. सुधाकरनं. चंदरपूरले राहते, शिकलेला आहे.

तर सुधाकर, वाच. तुह्या सगळ्या मित्रायलेही वाचू दे.

आमी जंगलातून उठवलेली माणसं. जुनं गाव वाघाच्या हद्दीत गेलं. आमाले जंगलाच्या गेटाच्या रस्त्यावर नवं गाव दिलं. सगळी घरं एकसारखी. पहिल्या वर्षी मी दोनदा दुसऱ्याच्याच घरात शिरली.

माणसं आली, ढोरं आली. दगड तिथीच राह्यले.

आमच्यात माणूस मेला की शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली त्याच्या नावाचा दगड उभा करतात. नवं धान निघालं की पहिली मूठ तिथी, मग घरात भात. कोणत्या दगडात कोण आहे हे बुढ्या लोकायले माहीत होतं. गाव उठलं, बुढे मेले, कोणी सांगणारं उरलं नाई.

भाऊजीले तिथून नाद लागला. लोक पत्ते खेळतात, हे खापरपणजे शोधत.

एसटीनं गोंडपिपरीले जा, सिरोंच्याले जा. कोणाची सोयरीक कुठी झाली, कोणाच्या मामाचं गाव कोणतं, लेकराले कोणाचं नाव ठेवलं, बुढ्या बायांपाशी बसून विचारत. घरी आले की माझ्या चुलीपाशी रिपोर्ट.

"वहिनी, तुमचा आजेसासरा सापडला."

"काऊन, हरवला होता का?"

मी बोलायची असं. पण चहा ठेवायची, आणि ऐकायची.

आमच्या घरात सगळे छाती फुगवून सांगत, आपण राजाच्या फौजेतले. भाऊजी एकदा सिरोंच्याहून आले ते हसतच.

"फौज नाई, तलवार नाई, वहिनी. एक विधवा बाई होती. लच्चम्मा. तेलगू बोले. दोन लेकरं घेऊन गोदावरी उतरून आली, आणि आपल्या गावातलं पहिलं वावर तिनं जंगल तोडून काढलं."

"तिचा दगड कोणता मंग?"

"शेवटचा, बुटका. ज्याच्यावर आपण चपला काढून ठेवत होतो."

मी तिथूनच तिले हात जोडले.

सुधाकरले मात्र राग आला. "काका, हे लोकायले सांगू नका." फौजवाला आजा पाहिजे होता त्याले, तेलगू बुढी नाई.

भाऊजीले एकच करायचं होतं. नव्या धानाची एक मूठ लच्चम्माच्या दगडापाशी. तिच्या नावानं तिले कोणी कधी दिलीच नव्हती.

गेटावर गेले. तिथला माणूस म्हणे, आत जाता येत नाई. सफारी बुक करा.

आपल्या पूर्वजाले भेटाले सफारी!

सुधाकरनं तिकीट काढून दिलं, मेहेरबानी केल्यावाणी. मी आणि भाऊजी बसलो. संगं शहरातलं एक कुटुंब, गळ्यात कॅमेरे. गाईड कोण, तर आमच्याच गावचा मंगेश.

मोह दिसला. दगड दिसले. भाऊजी उठले.

मंगेशनं हात धरला. "काकाजी, उतरू नका. माझं गाईडचं कार्ड जाईल. लेकरं आहेत मले."

भाऊजी खाली बसले. मंगेशवर माझा राग नाई. त्याचा आजाही त्याच मोहाखाली आहे.

मंग भाऊजी गाडीतूनच मूठ उघडाले गेले. तर त्या कुटुंबातली बाई म्हणे, "काका, प्लीज! जंगलात धान्य टाकू नका, प्राण्यांना सवय लागते."

मी म्हटलं, "बाई, आमी इथी पिढ्यान् पिढ्या धान पेरलं. तवा कोणाले सवय लागली नाई का?"

तिनं ऐकलं नाई. पुढं वाघ आहे म्हणून कोणी ओरडलं, डायव्हरनं गाडी पळवली. भाऊजी मान वळवून मागं पाहत राह्यले, आणि त्या बाईनं फोटो काढला. म्हणे, "किती नॅचरल एक्स्प्रेशन आहे!"

तोच हा फोटो. तिनं मंगेशले पाठवला, त्यानं सुधाकरले.

समजलं? त्यायच्या डोळ्यात वाघ नाई. दगड आहेत, मागं जाऊन राह्यलेले.

घरी आल्यावर तेच मूठभर धान त्यायनं कोंबड्यायपुढं टाकलं. त्यानंतर कोणाचा आजा नाई, कोणाची पणजी नाई. गोंडपिपरीचं नावही काढलं नाई.

काल सुधाकर म्हणे, "आई, आता ते दगडबिगड राहू दे. स्मशानाच्या शेडात टाईल लावू, नाव कोरून."

पंचायतीतला एक आला, तो म्हणे रस्त्याच्या बाजूले दगड चालत नाई.

मी म्हटलं, वाघाचं बोर्ड चालते, हॉटेलाचं बोर्ड चालते, माझा दीर चालत नाई?

आज सकाळी माझ्या दारापुढं दगड उभा केला. नाल्यातून मी पसंत करून आणवला. खड्डा मंगेशनं खणला. ड्युटीचे कपडे घालून आला होता, मातीचे हात धुऊन गेटाकडं गेला.

या नव्या गावात असा दगड पहिलाच. ज्याले काढायचा असेल त्यानं मी घरी असताना यावं. मी घरीच असते.

यंदाचं धान निघालं आहे. एक मूठ तुमची ठेवली, भाऊजी. बाजूले एक लच्चम्माची. गोदावरी उतरून आलेली बाई आहे, गेटापासून इथवर येईल.

बसा आता. इथी उतराले कोणाले विचारा लागत नाई.

तुमच्या वहिनीचा रामराम.