नॉर्मल आहे ना?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करतात. एकवीस वर्षं झाली. इमारतीतली पोरं त्यांना लॅबमावशी म्हणतात. घरात त्या एकट्याच.

जिन्यात त्या दिसल्या की आमचा सगळ्यांचा एकच प्रश्न, "नॉर्मल आहे ना?" सुरुवातीला त्या समजावत. "अहो, आम्ही आकडा लिहितो. शेजारी किती ते किती चालतं, तेही लिहितो." पण नुसत्या आकड्याने कुणाचं समाधान होतंय? माझं तर नाहीच. मुलीचं कपाळ जरा कोमट लागलं तरी मी वर धावते. मग त्या दार उघडतानाच म्हणू लागल्या, "नॉर्मल! आता श्वास घ्या, वहिनी."

हळूहळू तो शब्द घरोघरी रुळला. तळमजल्यावरचे काका घरात शिरण्याआधी मुलाला फोन करून विचारतात, "आईचं वातावरण नॉर्मल आहे का?" माझ्या स्वयंपाकाला मुलगी नॉर्मल म्हणते. तिच्याकडून तेवढीच स्तुती.

गेल्या आठवड्यात तिला ताप होता. तिच्या रक्ताच्या रिपोर्टसाठी मी लॅबमध्ये फोन लावला. "नॉर्मल," बाई म्हणाल्या. "आणि वहिनी, माझा पण..." पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. फोन ठेवला आणि मुलीला जवळ घेतलं.

आज संध्याकाळी त्या खाली आल्या. चहा नको म्हणाल्या, पण बसल्या. हातात घडी घातलेला कागद.

"माझा रिपोर्ट. मीच टाईप केलाय, चार दिवसांपूर्वी."

माझ्या तोंडून सवयीने निघालंच, "नॉर्मल आहे ना?"

"चला, विचारलं बाई कुणीतरी!" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "नाही, वहिनी. दोन आकडे फार वर गेलेत. उद्या नऊला मोठ्या तपासणीला बोलावलंय."

त्यांनी कागद उलगडून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'सोबत नातेवाईक आणावा.'

"ही ओळ हजारदा टाईप केली असेल मी. ज्याला कुणी नाही त्याने काय करायचं, हे कधी डोक्यातच आलं नाही."

फोनवरचं ते अर्धं वाक्य मला आत्ता कुठे पूर्ण ऐकू आलं.

"साडेआठला खाली या," मी म्हटलं. "मी येतेय."

"आणि तिथल्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात?"

"वहिनी लिहा."

"मला भाऊ कुठाय?"

"लिहा हो. तपासतंय कोण?"

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, "चहा टाका मग. अर्धा कप."