वाणाचा डबा

त्या ग्रामसभेला मी गेले ती इंग्रजी वाचून दाखवायला. शेजारच्या काकींच्या विहिरीचं पाणी पिवळट झालं होतं, त्यांच्या वाडीतल्या विड्याच्या पानवेली मुळाकडून काळ्या पडत होत्या, आणि पालघरच्या प्रयोगशाळेनं दिलेला पाण्याचा अहवाल इंग्रजीत होता. काकींचा संशय नाल्यापलीकडच्या कारखान्यावर. पंचायतीनं ठराव करून तक्रार पुढे पाठवावी, एवढंच त्यांचं म्हणणं. नाहीतर वाडी हातची जाणार, हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. मी कुणाला बोलणार नाही याची त्यांना खात्री होती.

अहवालाच्या कडेला मी पेन्सिलीनं मराठी शब्द लिहून ठेवले होते. चार माणसांसमोर उभं राहिलं की मला मराठी आठवत नाही, आणि इंग्रजी शब्द तोंडातून गेला की मागून कुणीतरी ‘मॅडम’ म्हणतं.

काकी बोलायला उठल्या. उपसरपंचांनी पाण्याबद्दल काही विचारलंच नाही. त्यांनी मोबाइल वर धरला. पडद्यावर काकी होत्या, हातात स्टीलचा डबा, झाकणावर कारखान्याचं स्टिकर.

“वैनी, डबा त्यांचा घ्यायचा न् बोंब पन त्यांच्याच नावानं मारायची? का यंदा डबा लहान निगाला?”

लोक हसले. काकींनी सांगितलं की ते संक्रांतीचं वाण आहे. कारखान्यातल्या साहेबांच्या बायकोनं हळदीकुंकवाला बोलावलं होतं, आणि वाण कुणी परत करत नाही. हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी हसणं चालू राहिलं, आणि मग विषय रस्त्यावरच्या दिव्यांकडे गेला. अहवाल माझ्या हातात घडी घातलेलाच राहिला.

तो फोटो मी काढला होता. मूळ फोटोत नऊ बायका होत्या, एका रांगेत, नऊ डबे घेऊन. काकींच्या शेजारी उपसरपंचांची पत्नी होती. महिला मंडळाच्या ग्रुपवर तो मीच टाकला होता. तिथून कुणीतरी काकींना तेवढं कापून घेतलं. आमच्या स्वयंपाकघरात तसल्याच डब्यात रवा आहे. हे सगळं मी सभेत उठून सांगू शकले असते. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी गावाच्या ग्रुपवर मी पूर्ण फोटो टाकला. सोबत एक शब्दही लिहिला नाही. मला वाटलं, प्रश्न मिटला.

आठवडाभर गावात डब्यांचीच चर्चा होती. कुणी घेतला, कुणी स्टिकर खरवडून काढलं, कुणी लेकीच्या नावानं दुसरा मागून आणला. उपसरपंचांच्या पत्नीनं माझ्या आईशी बोलणं सोडलं. विहिरीचं नाव कुणी काढलं नाही.

काकी वाडीत मेलेल्या वेली उपटत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्यांना डब्यावरच बोलायचं होतं. तू पन डब्यावरच बोललीस.”

पुढच्या ग्रामसभेपर्यंत अर्ध्याअधिक वेली गेल्या. त्या दिवशी काकी उठल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत बोलल्या, “मी कशी हाय ते मागून ठरवा. आधी पानी कसं हाय ते हिच्याकडून ऐका.” आणि खाली बसल्या.

मला उठावंच लागलं. पहिली ओळ मी पेन्सिलीच्या शब्दांवरून कशीबशी वाचली. उपसरपंच म्हणाले, “मॅडम, मराठीत.”

“मराठीतच आहे,” मी म्हटलं. थोडा हशा झाला. मग मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “मोट्यानं वाच, पोरी. आमची पन हीर तिथंच हाय.”

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. वाचून झाल्यावर ग्रामसेवकांनी ठरावाला जोडायला कागद मागितला. पेन्सिलीचे शब्द खोडून देऊ का, असं मी विचारलं. राहू दे, ते म्हणाले.