ब्याऐंशी किलो

शाळेच्या ओसरीवर लेकरं ताटं घेऊन बसलेली. मी खिचडी वाढत होते. शाळा समितीचे अध्यक्ष, गावातले मोठे बागायतदार, पाव्हण्यांना शाळा दाखवत आले. माझ्याकडं बोट करून म्हणले, "लेकरांची खिचडी कुठं जाते, दिसून राहिलं न?"

पाव्हणे हसले. मास्तरबी हसले. माझी चौथीतली पोरगी तिथंच बसली होती. तिनं ताट पुढं सरकवून दिलं. जेवली न्हाई.

मी वाढत राहिले. वजन ब्याऐंशी किलो. पण त्या शाळेतला एक घास मी कधी खाल्ला न्हाई, घरी नेला न्हाई.

दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण सोडलं. पहाटे शिरड शहापूरच्या रस्त्यानं चालायला लागले. बाया म्हणायच्या, "दिवसभर राबती, वर हिला चालायची हौस." दोन महिन्यांत सहा किलो उतरले. मग वजन अडलं. भाकर अर्धी केली. तरी हलेना. एक दिवस चुलीपुढं अंधारी आली. उकळत्या पातेल्याच्या बाजूला पडले. हातभर अंतरानं वाचले.

उपकेंद्रातल्या सिस्टरनं रक्त तपासलं. शुगर निघाली. लई रागावल्या. "उपाशी काहून राहता? शरीराला वाटतं दुष्काळ पडला, ते आहे ते धरून ठेवतं. वरण खा, अंडं खा. आन रोज तेच तेवढंच चालू नका, चढ धरा."

घरी येताना कळलं. न केलेल्या चोरीची शिक्षा मी स्वतःलाच देऊन राहिले होते.

मी जेवायला लागले. शाळेतच, सगळ्यांच्या देखत, घरचा डबा उघडून. टेकडीचा चढ धरला. वजन हळूहळू हललं.

दिवाळीनंतर अध्यक्ष आले. मला खालवर बघितलं. "आता बराबर. आता पुरत असंल लेकरांना."

मी खिचडीचा डाव खाली ठेवला. "पाटील, तवाबी पुरत होती. मी जाड होते, चोर नव्हते. माझ्या पोरीपुढं बोलले, तिच्यापुढंच माफी मागा."

"काम करायचं न्हाई का तुला?"

"करायचंय. माफीबी पाहिजे."

ते तसेच निघून गेले. आता मला काढायचा ठराव घेणार म्हणतात. परवा समितीची बैठक हाय.

वजन पुन्हा अडलंय, तीन आठवडे झाले. अडू दे. शुगर माझी, गुडघे माझे. मी चालणार. बैठकीला कुणी बोलावलेलं न्हाई, तरी जाणार. ठराव माझ्या तोंडावर वाचा म्हणणार.