दोर हाताला गुंडाळायचा नाही

शिवा माझा धाकटा भाऊ. त्याला कुणी 'बिचारा' म्हटलं की माझं टाळकं फिरतं. बिचारा कसला! तळवलीत कुणाचा बैल मारका निघाला की लोक शिवाच्या दारात यायचे. हा कासऱ्याचे दोन वेढे मनगटाला घ्यायचा, पाय रोवायचा, की बैल जागच्या जागी. लेक पुतळा जराशी मोठी झाली, तर तिच्याही मनगटाला वेढे देऊन तिला बैलाबरोबर चालवायचा. "घट धर, बाय. सुटला नाय पायजे." पोरीच्या अंगात ते मुरलं.

मग नव्या शहरासाठी सरकारनं जमिनी घेतल्या. बैल विकले. आमच्याच शेताला तारेचं कुंपण पडलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं मुंबईच्या कुठल्याशा क्लबानं वाशीच्या पोरांसाठी घोडेस्वारीचं शिबिर मांडलं. शिवाला घोडे धरायचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी सवयीनं त्यानं दोर मनगटाला गुंडाळला आणि क्लबाचा साहेब त्याच्यावर खेकसला, "घोडा उधळला तर फरफटत नेईल! पुन्हा दिसलं तर घरी बसायचं!"

घरी येऊन शिवा दावं हातात घेऊन बसला. दोर दुमडायचा, नुसता मुठीत धरायचा, सोडायचा. पुन्हा धरायचा. जन्माची खोड, पण मोडली त्यानं. पुढं तर रोज सकाळी पोरांना रांगेत उभं करून तोच ओरडायचा, "घोऱ्याच्या पाठीमागं जायचा नाय! आरडाओरडा करायचा नाय! दोर हाताला गुंडालायचा नाय!" पोरं एका सुरात म्हणायची. मला बाई हसू यायचं, आमचा शिवा मास्तर झाला म्हणून.

पुतळा दुपारी त्याची भाकर घेऊन जायची. तोवर ती रांग कधीच मोडलेली असायची.

त्या दिवशी उतरताना एक मुलगा पडला आणि भोकाड पसरून रडायला लागला. त्याला उचलायला शिवानं दोर पुतळाच्या हातात दिला. "जरा धर गो," म्हणाला आणि वळला. एवढ्यात कुंपणापलीकडं रस्त्याच्या कामावर डंपरनं धाडकन खडी ओतली. घोडा उधळला.

मी बांधावर गवत कापत होते. शिवाचा आवाज ऐकला, "सोड! सोड गो बाय!" विळा टाकून धावले. पोरीनं कधीच सोडला होता, पण दोर सुटेना. घोडा पार पलीकडच्या कुंपणाशी थांबला. शिवानं कुणाला हात लावू दिला नाही. पोरीच्या मनगटाचे दोन वेढे त्यानंच सोडवले. पोर तिथंच गेली.

साहेब म्हणाला, बाहेरच्या मुलांना आत घ्यायचं नाही, असं आधीच बजावलं होतं. मेल्याची जीभ कशी झडली नाही! मी त्याच्या अंगावर धावून गेले, तर शिवानंच मला अडवलं. "त्याचा खरा हाय, भागीअक्का."

दुसऱ्या वर्षी पुन्हा शिबिर भरलं. शिवा कामाला गेला नाही, पण सकाळ झाली की घरातही टिकेना. कुंपणाबाहेर आपल्या गावची पोरं घोडे बघायला तारेला चिकटून उभी असायची. हा त्यांना रांगेत लावायचा आणि एकेकाचं मनगट धरून सांगायचा, "दोर हाताला गुंडालायचा नाय."

एक पोर हसलं. "आमाला कोन घोरा देतंय, काका?"

शिवानं त्याचं मनगट सोडलं नाही. "माज्या पुतलाला पन कोन देनार नव्हता, बाला," तो म्हणाला. "बोल. गुंडालायचा नाय."