मिठाला रंग नसतो

माझ्या दारासमोरच्या खोलीत पेंटर राहायचा. गाड्यांच्या गॅरेजात रंग मारण्यात त्याचा जन्म गेला. ठोकलेला पत्रा डेंटरने सरळ करायचा, तारा वायरमनने जोडायच्या, सीट कुशनवाल्याने शिवायची आणि शेवटी ह्याने असा रंग मारायचा की गाडी कुठे ठोकली होती ते मालकालाही सापडू नये. चौघे जिवाभावाचे मित्र, असं निदान पेंटर तरी म्हणायचा. रविवारी गॅरेज बंद, म्हणून दुपारचं जेवण पेंटरकडे. थाटमाट काही नाही. कोंबडीचा रस्सा, भात, तळलेले बटाटे. जमिनीवर चादर टाकायची, पातेलं मध्ये ठेवायचं आणि ज्याला हवं त्याने ओढून घ्यायचं.

पेंटरला चव कळत नव्हती. थिनरच्या वासाने नाक आधीच गेलं होतं, पुढे घशाच्या गाठीवर दवाखान्यात विजेचे शेक घेतले त्यात जीभही गेली. हे त्याच्या बायकोला माहीत होतं आणि तिने सांगितलं म्हणून मला. मुलीलासुद्धा त्याने कळू दिलं नाही. मित्रांना कळलं तर कीव करतील आणि यायचे बंद होतील, ही त्याची भीती. बायको हळूच चाखून सांगायची. ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिने एक शहाणपणाचं काम केलं. रंगात मिसळायचं रसायन मोजतात ते एक कोरं झाकण घेतलं, आतून सुईने रेघा ओढल्या आणि कोणत्या रेघेपर्यंत मीठ कशाला, ते नवऱ्याकडून घोटवून घेतलं. बाकी सगळं तो रंगावरून करायचा. कांदा किती तांबूस झाला, मसाला कधी काळपट पडला, हे त्याच्या डोळ्याला अचूक कळायचं. मिठालाच तेवढा रंग नसतो.

ती गेल्यावरही रविवार चालू राहिले. मित्र यायच्या आधी तो मला रश्श्याची एक वाटी आणून द्यायचा. मी कपडे शिवते, जिभेनेही फार कुणाला सोडत नाही, पण त्या वाटीत मला कधी खोट काढता आली नाही.

मग एका रविवारी चहाचं दूध खाली लागलं. अख्ख्या जिन्यात करपल्याचा वास आणि पेंटर पातेल्याशेजारी हसत उभा. त्याच दुधाचा चहा त्याने सगळ्यांना दिला, स्वतः घोट घेऊन छान झाल्याचंही सांगितलं. डेंटरचं डोकं अशा बाबतीत फार चालतं. पुढच्या रविवारी पेंटर ताटं आणायला आत वळला आणि डेंटरने रश्श्यात मूठभर मीठ टाकलं. तिथून त्यांचा खेळच झाला. तोंड वाकडं करायचं नाही, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं, ज्याचा चेहरा हलला तो हरला. पेंटर बिचारा त्यांचे चेहरे बघून चव ओळखायचा. वर स्वतः शेवटी बसून तेच मिटक्या मारत खायचा.

मला कळलं ते नळामुळे. आमच्या मजल्याचा सामाईक नळ माझ्या दाराशी आहे. जेवण झालं की तिघे तिथे घटाघटा पाणी प्यायचे, चुळा भरायचे आणि पोट धरून हसायचे. आज दोन मुठी मारल्या, असं डेंटर सांगत होता. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. असल्या मिठाला कोण जागणार?

मी दुसऱ्याच दिवशी पेंटरला सगळं सांगितलं. तो रागाने लाल झाला. त्याचे मित्र दोन-दोनदा वाढून घेतात आणि मला ते बघवत नाही, असं म्हणाला. पुढच्या रविवारपासून माझी वाटी बंद झाली. मीही हट्टी. मी काही त्याच्या दारात गेले नाही.

मग त्याची मुलगी यायची ठरली. ती लांबच्या गावी असते. बाप एकटा राहू शकतो की त्याला घेऊन जावं, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. पेंटरला हे घर आणि रविवार सोडून कुठेही जायचं नव्हतं. म्हणून त्याने तिला रविवारीच बोलावलं आणि मित्रांनाही. आपलं कसं छान चाललंय ते तिने बघावं. मला वाटलं होतं, त्या दिवशी तरी डेंटर हात आवरेल.

जेवणं सुरू झाली आणि पोरगी तोंडावर हात दाबून नळाशी धावत आली. मी मशीन थांबवलं. तिने घास थुंकला आणि रडायला लागली. तिला मित्रांचा संशयच आला नाही. बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, आणि ती तीन माणसं मान खाली घालून तेच खातायत, एवढंच तिने पाहिलं होतं.

"मीठ बाबांनी नाही टाकलं, डेंटरने टाकलंय," मी म्हणाले आणि तिच्या मागोमाग आत गेले.

तिने विचारलं तेव्हा डेंटर क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. खरं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. मग तो सावकाश म्हणाला, "ताईंची वाटी बंद झालीय ना, त्याचा राग आहे. म्हाताऱ्याला चव कळत नाही, पोरी. आम्ही सांभाळून घेतो झालं."

वायरमनने करपलेल्या दुधाची गोष्ट सांगितली. ती खरी होती, म्हणून बाकीचंही खरं ठरलं. कुशनवाला ताटात बोटं फिरवत राहिला. मुलीने डेंटरपुढे हात जोडले.

पेंटर कोपऱ्यात हातात रश्श्याचा डाव घेऊन उभा होता. त्याने विचारलं, "मागच्या रविवारीही असंच होतं?"

"मागच्याही. तुझ्या मनाला लागेल म्हणून बोललो नाही."

"ताई, तुम्ही घरी जा," पेंटर मला म्हणाला.

आठवड्याभरात त्याचं सामान मुलीच्या गावी निघालं. जिन्यात त्याने डेंटरचे दोन्ही हात धरले. इतके रविवार तू माझ्यासाठी गिळलंस, असं म्हणून ढसढसा रडला आणि पातेलं त्याच्या हातात दिलं. आत ते रेघांचं झाकण होतं; कोणती रेघ कशाला, तेही सांगितलं. डेंटरने दोन्ही घेतली. माझी नजर मात्र त्याने चुकवली.

मुलगी कधीमधी मला फोन करते. बाबा शांत असतात म्हणते, स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. जेवायला बसले की आधी नातवाला विचारतात, मीठ बरोबर आहे ना. त्याने हो म्हटल्याशिवाय घास घेत नाहीत.

रविवारचं जेवण आता डेंटरकडे असतं. परवा त्याची बायको पडदे शिवायला टाकून गेली आणि बरोबर रश्श्याची वाटी ठेवून गेली. नवरा स्वतः करतो म्हणाली, काय ते एक झाकण आहे, त्याच्या रेघेने मीठ घातलं की अंदाज चुकतच नाही. ती गेल्यावर मी चाखून पाहिलं. मीठ अगदी बरोबर होतं.